पहिलं ताट

माझ्या नवऱ्याला रस्ता हवा होता. स्वतःसाठी नव्हे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला लोचट म्हणाल. मी त्या दिवशी मनातल्या मनात म्हटलं, पण मी बायको आहे, मला तेवढा अधिकार आहे.

हमरस्त्यापासून आमच्या मैदानापर्यंतची वाट लाल मातीची. कोरडी असली की धूळ नाकात, ओली असली की चिखल घोट्यापर्यंत. मैदान आमचं स्वतःचं. गुलामीतून सुटल्यावर आमच्या पणजोबांच्या पिढीने एकत्र येऊन घेतलेलं. दर एकोणीस जूनला, म्हणजे काळ्या गुलामांच्या सुटकेची बातमी टेक्ससला पोचली त्या दिवशी, तिथे आमचा सण असतो. ह्यूस्टन-डॅलसला गेलेली पोरंबाळं परत येतात, पिकॅनच्या झाडांखाली टेबलं मांडतात, लाल सोड्याच्या बाटल्या बर्फात पडतात. पण वाट काउंटीची, म्हणजे जिल्हा सरकारची, आणि काउंटीला आमच्या वाटेचं कधीच सोयरसुतक नव्हतं.

मागच्या सणाला ऐन वेळी पाऊस झाला आणि झेला आत्याची गाडी चिखलात रुतली. चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून मैदानात आणलं. ती वरून हात हलवत होती, राणीची मिरवणूक बघून घ्या म्हणत होती. सगळे हसले. होझिया, माझा नवरा, तेवढा हसला नाही. झेला आत्या त्याची सख्खी आत्या. त्याची आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता, आत्यानेच त्याला वाढवला. जिवंतपणी तिला चौघांच्या खांद्यावरून आणावं लागलं, हे त्याच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्याने एकच ध्यास घेतला, रस्ता.

आमच्या भागातले रस्ते कमिशनर प्रूएटच्या हातात. गोरा माणूस, उंच, हाडकुळा, बोलायला गोड. होझिया त्याच्या कचेरीत खेटे घालून दमला. प्रत्येक वेळी नवं उत्तर, बघू, पुढच्या अंदाजपत्रकात घेऊ, मी स्वतः येऊन पाहीन. शेवटी होझियाने त्याला सणालाच बोलावलं, आणि तो हो म्हणाला. त्या संध्याकाळी नवरा घरात शीळ घालत फिरत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ठाऊकच नव्हतं त्याला शीळ घालता येते.

मी त्याला बजावलं होतं. प्रूएटला बोलावलंस ते ठीक, पण वाढताना भान ठेव. त्यावर तो असा फुगला की विचारू नका. मला आमच्या सणाची रीत शिकवतेस, म्हणाला, माझा बाप या सणाचा प्रमुख होता, आता मी आहे.

रीत अशी. एकोणीस जूनला पहिलं ताट मैदानातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाचं. सणाच्या प्रमुखाने ते स्वतः वाढायचं, स्वतः नेऊन द्यायचं, आणि त्या माणसाने घास घेतल्याशिवाय कोणी बोटसुद्धा चाटायचं नाही, पाद्रीबुवांनीही नाही. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांच्या मागून जेवली, म्हणून हा एक दिवस. हे कुठे लिहिलेलं नाही. आमच्याकडचं दुडदुडणारं पोरही पावाला हात लावण्याआधी आत्याच्या खुर्चीकडे बघतं. कारण गेली कित्येक वर्षं ते ताट झेला आत्याचंच. ती शंभरीला टेकली आहे आणि सगळं मैदान तिला आत्याच म्हणतं.

यंदा ऊन होतं. वाट धुळीची पण धड होती, आत्या गाडीतून आली. पांढरा पोशाख, टोपीला लाल फूल. तिला मोठ्या पिकॅनच्या सावलीत बसवलं.

प्रूएट वेळेवर आला. हीच पहिली अडचण झाली, कारण आमचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे रांगत होता. पाद्री टिलमन प्रार्थनेला उभे राहिले की देवालाही बसायला खुर्ची लागते. मग शाळेतल्या लॅव्हर्नबाईंनी सुटकेचा हुकूम वाचला. मग मुलींची गाणी. प्रूएट मात्र शांत उभा होता, टोपी छातीशी धरून. येताना त्याने वाटेवर गाडी थांबवून बुटाच्या टोकाने माती उकरून पाहिली होती आणि "हं" म्हणाला होता. होझियाने मला हे तीनदा सांगितलं. त्याच्या लेखी त्या "हं"मध्ये निम्मा रस्ता झालाच होता.

शेवटी भट्टीचं झाकण उघडलं. ओडेल, आमचा भट्टीवाला, सुरी परजून उभा राहिला. आत्याला दात थोडे, म्हणून बैलाच्या छातीच्या मांसातला सगळ्यांत मऊ तुकडा त्याने वेगळा राखला होता. होझियाने तो ताटात घेतला, त्यावर रस्सा घातला, बाजूला बटाट्याची कोशिंबीर, चवळी, मक्याच्या पावाचा चौकोन. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाव कापत होते. रांग लागली होती, पण ताटं कोणी उचललेली नव्हती.

होझिया ताट घेऊन वळला आणि नेमका तेव्हाच प्रूएटने घड्याळ पाहिलं. पलीकडच्या गावात बंबखान्याचं उद्‌घाटन आहे, मला निघायला हवं, म्हणाला. रस्त्याचं नंतर कधीतरी बोलू.

नंतर कधीतरी. आमच्या माणसांना या दोन शब्दांचा अर्थ फार चांगला कळतो. होझियाचा चेहरा मी पाहिला. दारात आलेली गाडी निघून जाताना बघावी तसा तो बघत होता.

"साहेब, एवढं तरी खाऊन जा," तो म्हणाला, आणि हातातलं ताट पुढे केलं.

मी सुरी टाकली. तोंड उघडलं. पण तोवर प्रूएटने तो मऊ तुकडा बोटांनी तोडून अर्धा तोंडात टाकला होता. त्याने डोळे मिटले आणि असं मांस आपण जन्मात खाल्लं नाही म्हणाला. खोटं बोलत नव्हता बिचारा. पावाचा लचका तोडला, चवळी खाल्ली, बोटं चाटली. होझिया त्याच्यासमोर उभा राहून हसत होता, आणि ते हसू हळूहळू त्याच्या तोंडावरच वाळून गेलं. आपण काय केलं हे त्याला कळलं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मानेपासून कानापर्यंत तापले. शरम माझ्या नवऱ्याची होती, पण एका घरात राहिल्यावर शरमेची वाटणी थोडीच होते?

मैदान गप्प होत गेलं. आधी आमचं टेबल, मग रांग, मग लांब खेळणारी पोरं. ओडेलने सुरी फडक्याला पुसली आणि बाजूला ठेवली. होझियाने घाईघाईने दुसरं ताट वाढलं. रस्सा त्याच्या नव्या सदऱ्यावर सांडला. ते घेऊन तो आत्याकडे गेला. मीही त्याच्या मागोमाग निघाले, पण टेबलाला वळसा घालून, रांगेतून वाट काढत. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आत्याने ताटाकडे पाहिलं.

"हे कोणाचं रे?"

"तुझंच आत्या. पहिलं..."

"माझं तर गेलं," आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "राहू दे. मला भूक नाही."

झालं. आत्या जेवणार नाही म्हणजे कोणीच जेवणार नाही. कोणी तसं म्हणालं नाही, म्हणायची गरजही नव्हती. रांग जागच्या जागी उभी राहिली. दुपार टळत होती. सकाळपासून उपाशी असलेली लेकरं आयांच्या झग्याला धरून चुळबुळत होती. एक छोटी मुसमुसायला लागली, तिच्या आईने तिचं तोंड पोटाशी दाबलं. होझिया ते ताट हातात घेऊन उभाच. खाली ठेवावं कुठे हेही त्याला सुचेना. धरणी दुभंगली असती तर आम्ही दोघं आनंदाने आत गेलो असतो.

तिकडे प्रूएटला कळेना की कोणी जेवत का नाही. त्याने लॅव्हर्नबाईंना विचारलं. त्या बाई सभ्य. त्यांनी एवढंच सांगितलं की आमच्याकडे आधी सगळ्यांत मोठं माणूस जेवतं, मग बाकीचे. प्रूएटने हातातल्या ताटाकडे पाहिलं आणि त्याची मान लाल झाली. तेवढ्यावर तो टोपी घालून निघून गेला असता तरी निभावलं असतं. पण माणूस मनाचा चांगला होता, आणि चांगल्या माणसाला चूक लगेच निस्तरायची घाई असते. तो तडक झाडाखाली आला, आत्यासमोर वाकला.

"बाई, मी तुमच्या आधी जेवलो. मला ठाऊक नव्हतं, माफ करा," तो म्हणाला. "हे तुमचं आहे. तुम्ही घ्या."

आणि त्याने आपलं ताट तिच्यासमोर धरलं.

अर्धवट चावलेला पाव. मांसाचा उरलेला तुकडा, त्यावर बोटांचे ठसे. चवळीत बुडालेला चमचा, तोंडात घातलेला. त्याला वाटलं, तो तिची वस्तू तिला परत करतोय. आमच्या पणज्या मळेवाल्यांच्या घरी रांधायच्या आणि ताटं परत आली की त्यातलं उरलंसुरलं खायच्या. आत्याची आजी त्यांतलीच, आणि आत्या त्याच आजीच्या मांडीवर वाढली. आत्याने उमर गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात घालवली, पण दुपारचा डबा नेहमी घरून. कोणाचं उष्टं तिने कधी तोंडाला लावलं नाही. नाताळात मालकिणीने अख्खी टर्की दिली ती तिने वाटेत कुत्र्यांना घातली होती, कारण एक तंगडी कोणीतरी आधीच मोडून खाल्लेली होती.

"नको, नको साहेब," होझिया पुटपुटला. पण दोन्ही हातांत ताट, तो अडवणार कशाने? मी अजून चार पावलांवर होते.

आत्याने प्रूएटकडे पाहिलं नाही. ती रांगेकडे बघत होती, त्या मुसमुसणाऱ्या छोटीकडे. मग तिने हात पुढे केला आणि ताट घेतलं. मांडीवर ठेवलं.

"माझ्या पोराला रस्ता हवाय," ती म्हणाली. "तुम्ही देणार का?"

प्रूएट गडबडला. देणार, नक्की देणार, म्हणाला.

"मला नका सांगू. यांना सांगा."

तो वळला आणि सगळ्या मैदानासमोर म्हणाला की पुढच्या सणाआधी तुमचा रस्ता होईल. कोणी टाळी वाजवली नाही. आत्याने ते ऐकून घेतलं, मग तो चावलेला पाव उचलला, चावल्याच्या बाजूनेच खाल्ला, सावकाश, उरल्यासुरल्या दातांनी चघळून. मी बाप्यांना रडताना पाहिलं. ओडेल भट्टीकडे तोंड करून उभा होता. लॅव्हर्नबाईंनी हातातला कागद तोंडावर धरला. प्रूएटला काही कळलं नाही. त्याला वाटलं, सगळं ठीक झालं. आत्याचा हात दाबून, टोपी घालून तो बंबखान्याकडे गेला.

आत्याने घास गिळला आणि मोठ्याने म्हणाली, "पोरांना वाढा."

रांग हलली. ताटं उचलली गेली, ओडेलची सुरी चालू लागली. लेकरं तुटून पडली. त्यांना काय ठाऊक? मोठी माणसं मात्र ताटात बघून जेवत होती.

होझिया आत्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला, नव्या विजारीची पर्वा न करता. ते दुसरं ताट त्याच्या मांडीवर तसंच होतं, रस्सा गोठत चाललेला. मी त्याच्या शेजारी बसले.

"जेव," आत्या म्हणाली.

"घास उतरत नाही, आत्या."

"मला कुठे उतरत होता?" तिने त्याच्याकडे पाहिलं, त्या दिवशी पहिल्यांदाच. "उतरवला ना मी? आता तू उतरव. माझ्यासमोर."

त्याने मांस उचललं आणि तोंडात घातलं. आत्या त्याच्याकडे बघत राहिली, आणि ताट रिकामं होईपर्यंत तिने नजर काढली नाही.