दुपट्ट्याखालचा सौदा

घरात कोणीही मोबाईलवर गेम उघडला की अजहर लांबूनच ओरडायचा, "हा पन युनिटीतच बनला!" सबवे सर्फर्स असो, टेम्पल रन टू असो. बहीण अनीसा पार वैतागली होती. एकदा तिनं चहाचा कप त्याच्यापुढं आदळला अन् म्हणाली, "भाईजान, ये चाय भी युनिटी में बनी. पी लो."

युनिटी म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर. सुरुवातीला फुकट मिळतं. अजहर अमरावतीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा, अन् घरी आला की जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ पाहून पाहून शिकायचा. कोणी शिकवलं नाही. पळायचे दोन-तीन गेम बनवलेही त्यानं. डाउनलोड करणारे सगळे मामाची नाहीतर खालाची पोरं.

त्याचे अब्बा उस्मान बैलांचे दलाल. बडनेऱ्याकडच्या बाजारात उस्मानभाई म्हटलं की झालं. त्यांचं सगळं काम दुपट्ट्याखाली. विकणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, वरून खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा, अन् बोटं दाबून भाव करायचा. तोंडानं मात्र पावसाचं बोलायचं, कोणाच्या पोरीच्या लग्नाचं बोलायचं. भाव त्या दोन हातांपलीकडं जात नाही. चेहऱ्यावरची रेघ हलली तर तो दलाल कसला?

मग बाजारच आटला. चारा नव्हता, ट्रॅक्टर आले, जनावरांच्या गाड्या रस्त्यात अडवायला लागले. ओळीच्या ओळी उभ्या राहायच्या तिथं खुंटे उरले. अन् त्याच उन्हाळ्यात उस्मानच्या अंगावरून वारं गेलं. जीभ जड झाली. उजवा हात पडला.

डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत ठेवा, नाहीतर मूठ कायमची मिटून जाईल. दाबायला रबरी चेंडू दिला. उस्माननं तो डाव्या हातानं खाटेखाली भिरकावला.

"बच्चे का खेल है बोल के फेंक दिए," अजहरची अम्मी कुलसुमबी म्हणाली. चेंडू उचलून तिनं पदरानं पुसला, पण परत द्यायची हिंमत केली नाही.

तेव्हा अजहरच्या डोक्यात आलं. अब्बाच्या बोटांना काम पाहिजे. त्यांचं स्वतःचं काम.

त्यानं गेम बनवला. मोबाईलवर बैल येतो, समोर व्यापारी येतो, आपण स्क्रीनवर बोटं ठेवायची. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. भाव मोठ्या पिवळ्या आकड्यांत झळकतो, सौदा झाला की खणखण नाणी पडतात. अजहर फार खूश होता. त्यानं अब्बाचा लुळा हात उचलून अलगद मोबाईलवर ठेवला.

उस्माननं पाहिलं. आकडा झळकला. त्यांनी डाव्या हातानं दुपट्टा ओढला अन् मोबाईलवर टाकून दिला.

अजहरचं तोंड पडलं. "नई पसंद आया."

"पागल है क्या रे तू?" कुलसुमबी म्हणाली. "बंद नई कर रहे वो. ढाँक रहे. भाव खुल्ला दिखाता क्या कोई?"

अजहरनं वाकून पाहिलं. दुपट्ट्याखाली अब्बांचा हात होता तिथंच होता. काढला नव्हता त्यांनी.

मग त्यानं सगळं काढून टाकलं. आकडे काढले, नाणी काढली, व्यापारी काढला. स्क्रीन काळीभोर. तुम्ही बोट दाबा, मोबाईल थरथरून उत्तर देतो. एकदा थरथरला म्हणजे एक, दोनदा म्हणजे दोन. पाहायला काहीच नाही. असा गेम जगात कोणी खेळलं नसतं.

उस्मान खेळले. पहिले काही दिवस नुसता अंगठ्याजवळचा भाग दुपट्ट्याखाली सरकायचा. मग एका सकाळी कापडावर एक बारीक सुरकुती उठली. बोट! काही दिवसांनी दुसरं. कुलसुमबी स्वयंपाक सोडून दारात येऊन उभी राहायची, ते कापड पाहायला.

पण महिनाभरात अब्बांनी मोबाईल बाजूला सारला. अजहरनं विचारलं तर बऱ्याच वेळानं दोन शब्द आले. "आदमी... नई."

खरं होतं. मोबाईल अडून बसत नव्हता, हात सोडवून घेत नव्हता, त्याला घाम येत नव्हता. समोर माणूस पाहिजे होता.

अजहरनं दोन मोबाईल एकमेकांशी जोडायचं शिकून घेतलं. इकडं दाबलं की तिकडचा थरथरतो. अन् माणूस म्हणून त्याला एकच नाव सुचलं, किसनराव. बडनेऱ्याच्या पुढं त्यांची भाजीची वाडी. त्यांची प्रत्येक बैलजोडी उस्मानच्या हातून आलेली. पण अलीकडं ते घरी येत नव्हते, आजारपणातही दारातूनच पाहून गेले होते.

वांगी तोडता तोडता किसनरावांनी ऐकून घेतलं. "मोबाईलवर सौदा? मले तं फोन उचलता येत नाई नीट."

"काका, नुसतं बोट दाबायचं आहे. अब्बासाठी या ना."

किसनरावांनी हातातलं वांगं टोपलीत टाकलं. "येतो," म्हणाले.

अजहरनं अजून एक गोष्ट केली. कोणाला न सांगता. सौद्याआधी क्षणभर त्यानं काळ्या स्क्रीनवर बैल परत आणले, अन् चित्र काढलं ते किसनरावांच्या जोडीचं. हौशा अन् लाल्या. हौशाचं एक शिंग खाली वळलेलं, तेही तसंच. लहानपणी त्या जोडीच्या दमणीत, हलक्या बैलगाडीत, तो बसला होता.

किसनराव आले. खाटेवर दोघं समोरासमोर बसले. स्क्रीनवर जोडी आली. उस्मानचा अर्धा चेहरा हसला. किसनरावांचा चेहरा मात्र एकदम बंद झाला. अजहरला वाटलं, वा, काका पण पक्के बाजारातले!

उस्माननं दोन्ही मोबाईलवर दुपट्टा टाकला.

"औंदा वांग्याले कीड लय आहे, उस्मानभाई," किसनराव म्हणाले.

"हं."

"पोरगी बाळंतपणाले आली. पोरगा झाला."

"हं."

कापडाखाली घुर्र, घुर्र चालू होतं. एक सुरकुती. दोन. किसनराव वांग्याचं बोलत होते, कालव्याचं बोलत होते. तिसरी सुरकुती उठली. कुलसुमबीनं तोंडावर पदर धरला. अन् चौथी. मग मोबाईल बराच वेळ थरथरत राहिला. समोरच्यानं अख्खा पंजा दाबून धरला होता, म्हणजे भाव मंजूर.

उस्माननं डावा हात छातीला लावला. "सौदा," ते म्हणाले. स्वच्छ. आजारानंतर असा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

बाहेर चपला घालताना किसनरावांनी अजहरचं मनगट धरलं. "काहून काढले रे तू ते बैल?"

"तुमाले आवडन म्हनून."

"नाईत ते. चारा सरला तवा इकले मी. बाहेरच्या ट्रकवाल्याले. तुया बापाले न इचारता. त्याईच्या पुढं कोन्या तोंडानं येऊ?"

"मंग हो काहून म्हटलं, काका?"

"चार बोटं हालली रे त्याची," किसनराव म्हणाले. "मी नाई कसं म्हनू?"

दुसऱ्या दिवशी उस्माननं खाट दारापाशी घ्यायला लावली. अनीसाकडून पेटीतलं नवं दावं काढून घेतलं. विकणारा आपलं दावं ठेवून घेतो, बैल नव्या दाव्यानं जातो. दावं मांडीवर, नजर रस्त्यावर.

"बैल," ते म्हणाले.

त्या दिवशी बैल आले नाहीत. नंतरही नाही. अजहर शेवटी त्यांच्या पायाशी बसला. "अब्बा, गेम था वो. सच्ची का नई था."

उस्माननं त्याच्याकडं पाहिलं, जसं काही पोरगं कोणा दुसऱ्याचं. शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागला. "कपडे के नीचे... झूठ नई."

मोबाईलला त्यांनी परत हात लावला नाही. करंगळी आधी वळली. मग तिच्या शेजारचं. अजहर रोज बोटं सोडवून धरायचा, सोडली की ती परत आत जायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी मूठ मिटली.

अजहरनं सगळं कळवल्यावर किसनराव परत आले ते पंधरवड्यानं, सौदा मोडायला. मोडायचा तर तोही दुपट्ट्याखालीच मोडायचा. दोघांनी पंजे उघडे करायचे, एकमेकांना लावायचे, अन् सुटायचं. त्यांनी खाटेवर बसून उस्मानची मूठ हातात घेतली. दुपट्टा टाकला.

"वांगी गेली, उस्मानभाई. उपटून टाकली सगळी," ते म्हणाले. "आता मेथी टाकतो म्हनतो."

उस्मान रस्त्याकडं पाहत होते. चेहऱ्यावर एक रेघ नव्हती.

"नातवाचं नाव ठेवलं. बारसं केलं थोडक्यात." किसनरावांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आवाज मात्र तसाच, बाजारातला. "कालव्याले पानी सोडनार म्हनतात. पाहू."

अजहर दारात उभा होता. किसनराव बोलतच राहिले. दुपट्टा हलत होता, पण एकाच बाजूनं.