मंगळावरचे आण्णा

आता जन्मदात्या बापाला मंगळावर नेऊन बसवायचं, ही काय थट्टा आहे? पण तेजश्रीनं बसवला. इंदापूरच्या हायस्कुलात ती तीन वर्षं तात्पुरत्या जागेवर विज्ञान शिकवत होती. सत्त्याण्णवच्या जुलैत संस्थेचे निरीक्षक तिचा पाठ बघायला येणार होते. पाठ जमला तर नोकरी कायम, नाहीतर घरचा रस्ता.

तिचे वडील बुद्धघोष, म्हणजे आण्णा, बारामतीकडच्या एका साखर कारखान्यात वायरलेस ऑपरेटर. पावसाळ्यात उसाचं गळीत बंद होतं, म्हणून साहेबांना विचारून त्यांनी दोन हातातले सेट आणले. एक वर्गात, ती पृथ्वी. दुसरा घेऊन ते मैदानाच्या टोकाला लिंबाखाली बसले, ते नुकतंच मंगळावर उतरलेलं यान. पृथ्वीवरच्या अवाढव्य अँटेनातून सुटलेला निरोप तिथं पोचायला साडेदहा मिनिटं, उत्तर यायला तेवढीच. म्हणून आण्णांनी एकवीस मिनिटं गप्प बसायचं, एवढंच काम.

एवढंच म्हणे! वीस वर्षं ज्या माणसानं हाकेसरशी उत्तर दिलं, त्याला हे सांगायचं. कारखान्यात सेट गप्प झाला, की कुठंतरी उसाची ट्रॉली पलटली असं समजून जीप धाडायची रीत.

पहिली हाक आली, तुला काय दिसतंय म्हणून. तितं ते यान एकटं बसून काय करत असंल, या विचारात बुद्धघोषांची पाच मिनिटं बरी गेली. मग पोरं एकेक करून विचारू लागली. एकानं तर जिवंत आहेस का, असंच विचारलं. बाराव्या मिनिटाला तेजश्रीचाच आवाज आला, ऐकू येतंय ना? ती पोरांना हाक कशी मारायची ते दाखवत होती. पण बापाच्या काळजाचं पाणी पाणी झालं आणि अंगठा बटणावर गेला.

"हितंच हाय मी, पोरी."

वर्ग खो खो हसला. बुद्धघोष जीभ चावत खिडकीशी धावले. निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं होतं आणि तेजश्रीचा चेहरा पार उतरला होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरची माधवी उठली. "बाई, उत्तर बारा मिनिटांत आलं. म्हणजे यान मंगळावर नाहीच. अलीकडंच कुठंतरी आहे."

तेजश्रीनं खडू तिच्या हातात दिला. जायला सहा मिनिटं, यायला सहा. रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाणार. फळ्यावर दहा कोटी ऐंशी लाख किलोमीटर आले. खरं यान किती लांब आहे तेही असंच, उत्तराचा वेळ मोजून काढतात, हे तेजश्रीनं सांगितलं मात्र, पोरांनी गलकाच केला. दोन मिनिटांत उत्तर आलं तर? दोन तासांनी आलं तर?

घंटा झाली. कुणी उठेना. निरीक्षकांनी वहीत काहीतरी लिहून ती मिटली आणि ते म्हणाले, "पुढचा तास कुणाचाही असू दे, हेच चालू ठेवा. कायमच्या बाईंना कोण नाही म्हणणार?"

खिडकीबाहेर बुद्धघोषांना रडूच फुटलं.