बुद्धभूषणच्या नावाचं बक्षीस

लोक भेटले की एकच विचारायचे, "गोल किती मारले?" माझे पती बुद्धभूषण हसून म्हणायचे, "एक." गोव्यात आणि कोलकात्यात अकरा वर्षं ते पगारावर फुटबॉल खेळले आणि गोल एक. तोही चेंडू डोक्याला लागून आपोआप गेलेला. त्यांचं काम गोल अडवायचं होतं. पण हे टेंभुर्णीत सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ते जाऊन वर्ष झालं. गावच्या स्पर्धेत त्यांच्या नावानं बक्षीस द्यायचं ठरलं आणि क्रीडा मंडळाचे तातेराव चषक दाखवायला घरी आले. त्यावर कोरलं होतं, 'सर्वाधिक गोल'. माझं डोकंच फिरलं.

"भाऊ, ज्या माणसानं जन्मभर गोल होऊ दिले न्हाई, त्याच्या नावानं गोलाचं बक्षीस? मंग नाव काढून टाका."

"वैनी, गोल मोजता येतेत. न झालेला गोल कसा मोजावा? बचाव कुणाचा चांगला, हे सांगणार कोण?"

"मी."

तातेरावांना ते पटेना. पण गोव्यात चार हंगाम मी पायऱ्यांवर बसून सामने पाहिलेत. आधी मीही नुसती चेंडूमागं डोळे पळवायचे. एकदा बुद्धभूषण म्हणाले, "चेंडू कशाला पाहून राह्यली? चेंडूच्या आधी कोण पोचला, ते पाह्य." तेव्हापासून मला माझा नवरा मैदानात दिसायला लागला. वर्तमानपत्रांना काही तो दिसला नाही.

शेवटी तातेरावांनी ऐकलं आणि चषकावर 'सर्वोत्तम बचाव' कोरून आणलं. आता माझी निवड चुकली असती, तर हसं बुद्धभूषणांच्या नावाचं झालं असतं.

अंतिम सामन्यात जालन्यानं वडीगोद्रीला एका गोलानं हरवलं. गोल आर्यनचा. सगळं गाव त्याच्याच नावानं ओरडत होतं. मी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "सर्वोत्तम बचाव, गोरक्षनाथ, वडीगोद्री."

मागून कुणीतरी ओरडलं, "हरलेल्या टीमला बक्षीस? वैनीला काय कळतंय फुटबॉलमधलं!" लोक हसले. बूट सोडत बसलेला गोरक्षनाथ तर उठेचना. त्याला वाटलं, आपली चेष्टा चाललीय.

तेवढ्यात आर्यन उठला. त्यानं गोरक्षनाथला दंडाला धरून माझ्यापुढं आणलं आणि माइक मागितला.

"काकूंचं बिलकुल बराबर हाय. सामनाभर मी याला मनातून शिव्या देऊन राह्यलो. एकदा पाय घसरला याचा, म्हणून तो गोल झाला. न्हाईतर आज मला कुणी ओळखलं नसतं."

आधी जालन्याच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, मग साऱ्या गावानं. बुद्धभूषणांना अशा टाळ्या हयातीत एकदाही मिळाल्या नव्हत्या. मी ताठ उभी राहिले आणि त्या घेतल्या.