माझ्या भिंतीवरचे दोन दात

मित्रांनो, मी एक कॅथेड्रल आहे, म्हणजे ज्यात बिशपचे आसन असते ते मोठे चर्च. हे ऐकताच तुमच्या डोळ्यांपुढे आठशे वर्षांचे दगड, टोकदार मनोरे आणि रंगीत काचा आल्या असतील. त्यातले माझ्याजवळ काहीही नाही. मी जेमतेम पन्नास वर्षांचे आहे, काँक्रीटचे आहे, आणि सध्या फार रागावलेले आहे. राग गिळून गोड गोष्ट सांगायला मला जमणार नाही. ज्यांना गोडच हवी असेल त्यांनी खसखशीचा केक खावा.

पोलंडमधल्या ओल्शिनी नावाच्या गावात, टेकडीच्या उतारावर मी उभे आहे. मला मनोरा नाही. माझे छप्पर पाच घड्यांचे आहे, कागद दुमडून ठेवावा तसे. चौथ्या आणि पाचव्या घडीमध्ये एक चिंचोळी फट ठेवली आहे. सकाळी अकराच्या सुमारास तिच्यातून उन्हाची एकच पट्टी आत उतरते, उत्तर भिंतीवरून सरकते आणि वेदीपाशी येऊन थांबते. बाकी सगळ्या भिंती करड्या आणि खरखरीत. पाहुणे मला गोदाम म्हणतात. एकाने तर 'देवाचं गॅरेज' म्हटले आणि स्वतःच खोखो हसला. हसू दे. त्याने भिंतीला हात लावून पाहिला नव्हता.

मी कशातून जन्मले ते ऐका. टेकडीखालच्या खोऱ्यात लिपीना नावाचे खेडे होते. एकेचाळीस घरे, सगळी पाइनच्या लाकडाची. सरकारने नदीवर धरण बांधायचे ठरवले आणि लिपीनाच्या लोकांना वर ओल्शिनीच्या चौमजली इमारतींत आणून टाकले. ज्या थडग्यांवर दगड होते ती वर हलवली. तान्ह्या मुलांच्या थडग्यांवर नुसते लाकडी क्रूस असत, ते कधीच कुजून गेले होते. यादीत त्यांचे नाव नव्हते. ती तिथेच राहिली आणि त्यांच्यावर पाणी आले.

लोकांनी घरे मात्र बुडू दिली नाहीत. फळी फळी उकलून, गाड्यांवर लादून वर आणली आणि इमारतींच्या तळघरांत रचून ठेवली. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आले नसते.

पुढे पाच वर्षे अर्ज करून चर्च बांधायची परवानगी मिळाली. सिमेंट मिळाले. सेंट्रिंगला, म्हणजे काँक्रीट ज्या साच्यात ओततात त्याला, फळी मात्र एकही मिळाली नाही. माझा नकाशा काढणारे लुद्विक शाफ्रान तरुण होते, जाड चष्म्याचे आणि हट्टी. त्यांना रंधा मारलेल्या गुळगुळीत फळ्या हव्या होत्या. लिपीनाचा सुतार इग्नात्सी त्यांना म्हणाला, "साहेब, गुळगुळीत हवी असेल तर मंत्र्याच्या टेबलाची आणा. आमच्याकडे घरं आहेत. उकललेली."

 चौथ्या दिवशी शाफ्रान तळघरात उतरले, एका फळीवरून हात फिरवला आणि वर येऊन म्हणाले, "कुठलीही फळी दोनदा वापरायची नाही. ज्याची त्याला जागा द्या."

तसेच झाले. लिपीनाच्या गल्ल्यांत जे शेजारी होते तेच माझ्या भिंतीवर शेजारी लागले. कुणाच्या गोठ्याचे दार, कुणाच्या जेवणाच्या टेबलाची फळी, कुणाच्या उंबऱ्यावरची. सगळ्यांत शेवटी ओतिलिया आली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. तिच्या हातात पाळण्याची फळी होती.

"ही लहान आहे गं," इग्नात्सी म्हणाला. "कुठे लावू?"

"खाली लाव. माझा हात पोचेल तिथे."

"आणि शेजारी?"

"एका बाजूला माझ्या आईची. दुसरीकडे आत्याची. पोरीला एकटं झोपायची सवय नाही."

ती पोर म्हणजे यागोदा. दहा महिन्यांची होऊन तापाने गेली होती. तिच्या थडग्यावर आता सत्तावीस हात पाणी होते.

काँक्रीट वाळले, साचा काढला आणि लोक बघतच राहिले. लाकडाची एकेक रेघ माझ्या अंगावर उठली होती. गाठी, खिळ्यांची डोकी, सगळे. फळीत जिथे खाच होती तिथे माझ्यावर उंचवटा आला. पाळण्याच्या कडेला यागोदाने दात येताना चावून चावून दोन खड्डे पाडले होते. माझ्यावर त्यांचे दोन दाणे झाले, बाजरीएवढे. ओतिलियाने त्यांवर बोट ठेवले आणि ती तिथेच खाली बसली. मग पाळण्याशी म्हणत असे ती ओळ तिने हळूच म्हटली:

पाइनच्या पाळण्याला आला डिंकाचा गं वास
दोन दातांची ही राणी खाते लाकडाचा घास

त्या फळ्या पुढे ईस्टरच्या आदल्या शनिवारी दाराशी पेटवतात त्या अग्नीत गेल्या. म्हणजे मित्रांनो, आता लिपीना कुठेच नाही. फक्त माझ्या अंगावर आहे. मी गाव पांघरलेले आहे.

आता माझ्या पहिल्या रागाची गोष्ट. मी पंधरा-सोळा वर्षांचे असताना बिशपचे आसन माझ्यात आले आणि मी साध्या चर्चचे कॅथेड्रल झाले. लोकांना आनंद मावेना. लिपीनात दर ईस्टरच्या आधी बायका घराला चुना देत. घरात मोठा माणूस येणार म्हटले की चुना द्यायचा, एवढे त्यांना ठाऊक. बादल्या घेऊन त्याच बायका आल्या. हसत, गात, डोळे पुसत त्यांनी माझ्या दक्षिण भिंतीला तीन हात दिले. चुन्याने रेघा भरल्या, गाठी भरल्या. सतरा घरे एका दुपारी पुसली गेली, आणि पुसणाऱ्या त्याच घरांच्या लेकी होत्या! भिंत वाळली तेव्हा एकीने नेहमीच्या जागी हात नेला आणि तिला काही लागलेच नाही. मग त्या घासत बसल्या, ब्रशांनी, नखांनी. आत मुरलेला चुना निघतो थोडाच. प्रेमाने केलेल्या चुकीचा राग कुणावर काढायचा? मी तो पस्तीस वर्षे आत ठेवला आहे.

आणि आता उत्तरेची भिंत. तिच्यावर चोवीस घरे आहेत. तिच्यावर यागोदा आहे.

यंदा माझी पन्नाशी. फादर सेवेरिन नवे आहेत, शहरातले, कामसू. माणूस वाईट नाही, त्यामुळे माझा राग आणखीच वाढतो. त्यांनी आणि त्यांच्या समितीने ठरवले की उत्तर भिंतीला गिलावा करायचा आणि पांढरा रंग द्यायचा. "टीव्हीवर दाखवणार आहेत हो," ते म्हणाले. "असं दिसतं की कुणी काम अर्धवट टाकून पळालंय."

अर्धवट! शाफ्रानसाहेबांनी माझ्या एकेका रेघेसाठी झोप घालवली, आणि मी अर्धवट!

ओतिलिया आता शहात्तर वर्षांची आहे. काठी टेकत ती फादरांकडे गेली. फादर वरमले. दोन दिवसांनी हसत परत आले. "मावशी, तोडगा काढला. तुमच्या तेवढ्या जागेवर गिलावा नाही करायचा. काचेची चौकट बसवू. खाली पितळेची पाटी लावू, यागोदाच्या नावाची."

"आणि बाजूला?"

"बाजूला पांढरं. छान उठून दिसेल."

"बाजूला माझी आई आहे, फादर. पलीकडे आत्या. त्यांच्यापुढे मार्ता, जिच्या गाईचं दूध पोरीला पाजायचे मी."

"अहो, पण सगळं गाव कसं ठेवणार?"

"मग तिलाही झाका," ओतिलिया म्हणाली. "एकटीला काचेत नका ठेवू. एकटीला पाण्याखाली ठेवलं एकदा. तेवढं पुरे झालं."

 पण गिलाव्याची पोती आली होती आणि उंचावर काम करायची परांचीही उभी झाली होती. सोमवारी सकाळी काम सुरू झाले.

गवंडी झेनोन, त्या इग्नात्सी सुताराचाच नातू. उमर पन्नाशीची, अर्धे आयुष्य जर्मनीत भिंती लिंपण्यात गेलेले. गिलावा धरावा म्हणून आधी छिन्नीने भिंतीला खाचा पाडतात, आणि हे काम वरून खाली करत येतात. तो परांचीवर चढू लागला तेव्हा ओतिलिया तिच्या जागी, भिंतीला पाठ लावून, घडीच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर काकडीच्या लोणच्याची बरणी, पाव आणि चहाचा थर्मास.

"मावशी, मुक्काम ठोकलात की काय?"

"तू वरून खाली येशील ना? ये. मी वाट बघते."

"माझ्यावर कशाला डोळे वटारता? मी मजुरीचा माणूस."

"वटारत नाही रे. एक विचारते. तुझ्या आजोबाने सगळ्या गावाच्या फळ्या लावल्या. स्वतःची कुठे लावली?"

झेनोन एका पायरीवर थांबला. "बाबा कधी बोलले नाहीत."

"आम्हालाही त्याने सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, तुम्हाला हात पोचायला हवा, माझं काय."

मला ठाऊक होते, मित्रांनो! तिथल्या प्रत्येक माणसापेक्षा जास्त ठाऊक होते. हाताच्या उंचीची सगळी जागा इग्नात्सीने शेजाऱ्यांना वाटून टाकली आणि आपल्या घराचे दार छपराच्या पहिल्या घडीखाली लावले. तिथे कधी कुणाचे बोट पोचणार नव्हते. झेनोन तिथेच चढत होता. मला तोंड असते तर मी ओरडले असते. मला आहे फक्त एक फट, आणि तिच्यातून ऊन येते.

पहिला घाव बसला. दुसरा. तिसऱ्याला काँक्रीटचा तुकडा उडाला आणि ऊन सरकत त्याच्या हाताखाली आले. आडव्या रेघा, एकावर एक, शिडीसारख्या. दाराच्या चौकटीला उभे करून मुलाची उंची खाचेने मोजतात, त्या खाचा. प्रत्येकीशेजारी कोरलेली अक्षरे उलटी उठली होती. झेनोनने छिन्नी काखेत धरली आणि उजवीकडून डावीकडे बोटाने एकेक अक्षर चाचपले. काझिक, चार वर्षं. काझिक, पाच. काझिक, सात.

सहाची रेघ त्याने नुकतीच उडवली होती.

काझिक त्याचा बाप. त्याला जाऊन अकरा वर्षे झाली.

 मग झेनोन खाली उतरला. त्याची मूठ बंद होती. ती त्याने ओतिलियापुढे उघडली. आत करडी खपली होती, नखाएवढी.

"मावशी," तो म्हणाला, "हे परत बसतं का?"

"नाही रे बाळा."

तो धावत आलेल्या फादरांकडे वळला. "दुसरा गवंडी बघा. आणि त्याला आधी विचारा, तो लिपीनाचा आहे का. असेल तर तोही नाही करणार. नसेल तर मी त्याला शिडी चढू देणार नाही."

"झेनोन, अरे, करार झालाय..."

"माझा बाप सहा वर्षांचा होता, तो मी उडवला, फादर."

फादर सेवेरिन परांचीवर चढले. काळा झगा सावरत, एकेक पायरी. तिथे त्यांनी काय पाहिले ते मी सांगत नाही. खाली आले तेव्हा त्यांचे बोट सिमेंटने करडे झाले होते आणि त्यांनी ते पुसले नाही.

पण गोष्ट गोड करू नका. पोती अजून माझ्या दाराशी ताडपत्रीखाली आहेत. बिशप साहेब पीक कापणीनंतर ठरवणार आहेत. दक्षिणेची सतरा घरे गेली ती गेलीच, आणि काझिकचे सहावे वर्ष गेले. मी अजून रागावलेले आहे, आणि निर्णय काहीही झाला तरी मी ते राहणार आहे. तुमच्या गावातही कुठली तरी खरखरीत, ओबडधोबड भिंत असेल. तिला सुंदर करायला निघण्याआधी तिच्यावरून सावकाश हात फिरवा. ती कुणाची आहे ते विचारा. ज्यांना विचारायचे ती माणसे म्हातारी झाली आहेत, तेव्हा उद्यावर ढकलू नका.

माझ्याकडे आलात तर उत्तर भिंतीशी या. ओतिलिया स्टुलावर असेल. परवा शाळेची मुले आली होती. एक मुलगी वाकली आणि तिने बोट पुढे केले, त्या दोन दाण्यांकडे.

"हळू हं," ओतिलिया म्हणाली. "चावते ती."