मुकादम तोच का?

घरी परत आला तो ससा भलताच होता, अशी पडदेवाल्या बाईंची खात्री पटली होती. आता बाईंचा स्वभावच तसा. आज ऊन छान पडलंय म्हटलं तरी "खरं का?" म्हणून खिडकीतून डोकावणाऱ्या! पण या वेळी कारणही तसंच होतं.

बाई घरीच पडदे शिवायच्या. त्यांचा पांढरा ससा दिवसभर शिलाई मशीनच्या पॅडलशेजारी बसून कामावर नजर ठेवायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम. एक दिवस भिंतीला उभा केलेला कापडाचा जाडजूड तागा घसरला आणि धाडकन मुकादमावर आदळला. ससा किंचाळला. ससा किंचाळतो हे बाईंना तोवर माहीतच नव्हतं. तो आवाज त्यांच्या कानात बसला तो बसलाच. मुलाने सशाला टॉवेलात गुंडाळलं, प्राण्यांच्या दवाखान्यात न्यायला निघाला आणि दारातून म्हणाला, "आई, तू नको येऊस. तुला बघवणार नाही."

तिथेच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. हेच वाक्य, याच दारात, त्यांनी आधी ऐकलं होतं. नवरा दवाखान्यात होता तेव्हा. "बाबा सुधारतायत," असं मुलगा रोज येऊन सांगायचा. बाई बिचाऱ्या नवऱ्याला घरी येताना घालायला सैलसा सदरा शिवत बसल्या. त्या बटणं लावत होत्या तेव्हा माणूस गेलेला होता. त्यावर घरात पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही. बाईंनीही नाही.

तर ससा काही दिवसांनी परत आला. मागच्या पायाला पट्टी, अंगाची एक बाजू सफाचट भादरलेली. मुकादमाच्या डाव्या कानाला पिल्लू असल्यापासून एक काप होता, आणि आता नेमके तिथेच टाके!

"बरोब्बर तिथेच कसे काय पडले गं?" बाईंनी विचारलं.

"आई, लागलं तिथेच टाके घालणार ना," सून म्हणाली.

"खरं का?" म्हणून बाईंनी सुनेचा चेहरा निरखून घेतला.

मुकादम असता तर हाकेसरशी कान टवकारले असते. कोथिंबिरीच्या काडीसाठी बोटाला लोंबकळला असता. हा पठ्ठ्या मात्र पलंगाखाली कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेला. बाईंचा हात दिसला की आणखी आत. मूळचा मुकादम दवाखान्यातच गेला आणि या दोघांनी बाजारातून दुसरा आणून आपल्या गळ्यात मारला, हे बाईंनी पक्कं धरलं. मुलगा-सून स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायला लागली की बाई पाणी प्यायच्या निमित्ताने आत. की दोघं गप्प. मग तर काय, पाणी मुरतंय यात शंकाच नाही!

शेवटी बाई कुणाला न सांगता एकट्याच दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरीणबाईंपुढे उभ्या राहिल्या. "घरी आलाय तो तोच ससा का?"

डॉक्टरीणबाई हसल्या. ते हसणंही बाईंना जरा साळसूदच वाटलं. "तोच हो आजी. पण तो खात नाही असं तुमचा मुलगा सांगत होता, त्याची मला जास्त काळजी आहे. सशाचं पोट रिकामं राहिलं की आतडी काम थांबवतात, आणि मग आमच्याही हातात काही राहत नाही. सिरिंजने पातळ खाणं भरवत राहा. लेंड्या पडतात का बघा. आणि त्याला धरण्याआधी हात औषधी साबणाने धुताय ना?"

"धुते. कोपरापर्यंत."

बाईंनी भरवलं. तोतया असला म्हणून काय झालं, पोट त्यालाही होतंच की. त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचं आणि दातांच्या कडेने हिरवा लगदा हळूहळू सोडायचा. निम्मा हनुवटीवरून खाली यायचा. "कोण रे तू?" बाई विचारायच्या. तो नुसता थरथरायचा. सकाळी उठून बाई पलंगाखाली वाकून लेंड्या शोधायच्या. त्या कमी होत चालल्या होत्या, बारीकही. बाईंचा जीव टांगणीला लागला. कुठल्या परक्या सशासाठी आपण झुरतोय, असा स्वतःचाच राग यायचा.

अपघात झाल्यापासून त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. ते चादरीखाली झाकूनच होतं. पण फोटो स्टुडिओवाल्याने काळ्या पडद्यांसाठी फोनवर फोन करून डोकं खाल्लं. अखेर एका दुपारी बाईंनी चादर काढली, जाम झालेल्या चाकात तेल सोडलं, तेलकट बोटं चिंधीला पुसली न पुसली आणि पॅडल मारलं. खडखड, खडखड.

पलंगाखाली काहीतरी फरपटलं.

बाईंनी पाय थांबवला. फरपटणंही थांबलं. त्यांनी पाय पुन्हा चालवला. पट्टीचा पाय ओढत ससा बाहेर आला, सरळ पॅडलच्या डाव्या अंगाला गेला आणि आपल्या नेहमीच्या जागी बसला. बाईंनी खाली हात नेला. त्याने तेलकट बोटं हुंगली, परत हुंगली आणि त्यांच्यावर हनुवटी घासली.

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. मशीन बंद, हाताला तेलाऐवजी दवाखान्यातल्यासारखा साबणाचा वास. ही बाई कोण, हे त्यालाच कळत नव्हतं!

"अरे माझ्या राजा, तुलाही माझा संशय होय रे!" बाई हसता हसता रडायला लागल्या. सकाळपासून सुकत पडलेली कोथिंबिरीची काडी त्यांनी पुढे केली. त्याने ती खाल्ली आणि आणखी मागितली.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. ससा अजून पॅडलजवळच होता.

"तोच आहे," बाई म्हणाल्या.

"मग मी काय वेगळं सांगत होतो?" मुलगा वैतागला.

"या वेळी खरं सांगितलंस. बाबांच्या वेळी नाही सांगितलंस. मी बटणं लावत बसले होते रे."

मुलाचा चेहरा पडला. एक बूट पायात तसाच ठेवून तो सशाशेजारी खाली बसला. "डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण माझी जीभच रेटेना. तुला सांगितलं की ते खरं होईल, असं वाटायचं."

"आता सांग. पहिल्यापासून सांग."

मुलाने सांगितलं. थांबत, नाक पुसत, सगळं सांगितलं. बाबा शेवटी "आईला घेऊन ये" म्हणाले होते, तेसुद्धा सांगितलं. बाईंचा हात सशाच्या पाठीवर फिरत राहिला. मध्ये एकदाही त्या "खरं का?" म्हणाल्या नाहीत.