झालं म्हटल्यानंतरचा चेहरा

फोटोग्राफर तसा भला माणूस, पण त्याला एक खूळ होतं आणि त्या खुळाला पंख होते. आठ वर्षं तो पहाटे उठून तळ्याकाठच्या चिखलात पालथा पडायचा, बगळ्यांचे फोटो काढायचा आणि दर वर्षी ते कलादालनाच्या प्रदर्शनाला पाठवायचा. दर वर्षी ते साभार परत यायचे. बगळ्यांना त्याचं काही वाटत नसे. याला मात्र चार दिवस जेवण जात नसे.

पोटापाण्यासाठी स्टुडिओ होता. एक खोली, एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन दिवे आणि फिरण्यापेक्षा जास्त ओरडणारा एक पंखा. ओळखपत्राचे फोटो! "हनुवटी खाली. कान दिसू द्या. हसू नका. झालं!" दिवसातून वीस वेळा हेच. बायको बाहेरच्या टेबलावर ते फोटो छापायची, कापायची आणि पाकिटात भरायची. तो या कामाला 'मुंडकी काढणं' म्हणायचा, आणि तिला त्याचा मनापासून राग यायचा.

यंदा प्रकरण हातघाईवर आलं होतं. बायकोचा थोरला भाऊ, म्हणजे फरशीवाले दादा, दुसरं दुकान काढत होते आणि पहिल्या दुकानात बसायला त्यांना घरचं माणूस हवं होतं. "जावईबापू, बगळ्यांच्या मागे किती दिवस धावणार? लावा की स्टुडिओला कुलूप!" हे त्यांचं पालुपद. एका रविवारी जेवता जेवता फोटोग्राफर चिडला आणि शब्द देऊन बसला, "यंदाही हरलो, तर येतो." बायकोने टेबलाखालून पाय मारला, पण बाण सुटला होता.

आणि आज प्रदर्शनाला फोटो द्यायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहाच्या आत बारा फोटो द्यायचे. एक कमी नाही, एक जास्त नाही.

पहाटे तो तळ्यावर गेला. आवाजाने पक्षी उडू नये म्हणून त्याने कॅमेऱ्याचा खटका मुका केला आणि बटण दाबून धरलं की एकामागून एक फोटो निघत राहतील अशी व्यवस्था केली. बगळा आला, तासभर त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि निघून गेला. फोटोग्राफर फणफणत परत आला, तोच कॅमेरा तिवईवर चढवला आणि गिऱ्हाइकं घ्यायला लागला. खटका वाजतोय की नाही हे त्या पंख्याखाली कुणाला कळणार? शिवाय 'झालं' म्हणून वर एक सुस्कारा टाकेपर्यंत त्याचं बोट बटणावरून हलत नसे. जुनी खोड.

दुपारी बायको आत आली, ती कंबरेवर हात ठेवूनच.

"अहो, गिऱ्हाइकं बारा आणि फोटो साडेआठशे? तुम्ही माणसांचे काढत होता की मुंग्यांचे?"

त्याने कपाळाला हात लावला. "अरे देवा, बगळ्याचं बटण तसंच राहिलं! पुसून टाक सगळं."

"पुसते कशाची? आधी इकडे या. हा बसवाला बघा."

बसचा ड्रायव्हर पहिल्या वीस फोटोंत खांबासारखा बसला होता. मग 'झालं' आलं. एकविसाव्या फोटोत त्याचे खांदे सुटले, गाल वर गेले, आणि शाळेची घंटा ऐकलेलं पोर तिथे बसलेलं दिसलं. पुढे वकील. काळा कोट, ताठ मान, आणि 'झालं' म्हणताच डोळे मिटून असं काही हसू, की त्या माणसावर कुठलाही खटला चालवावासा वाटू नये. नर्सबाईंनी तर चक्क जीभ बाहेर काढली होती.

फोटोग्राफर खुर्चीवरून उठला, परत बसला, परत उठला. त्याचे कान लाल झाले.

"अगं, हे सगळे इथे येत होते? रोज?"

"रोज! तुम्ही 'झालं' म्हणून मान खाली घालायचा आणि ते माझ्याकडे हसत बाहेर यायचे. मी बघते की ते!"

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला मुंडकी आवडत नाहीत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अजून काय! आठ वर्षं हा चिखलात लोळत होता आणि पाखरं इथे स्टुलावर बसून उडून जात होती. त्याने बायकोला धरून त्या टीचभर खोलीत दोन गिरक्या घेतल्या. एक दिवा पडला, पडदा निखळला, आणि दोघं पडद्यात गुंडाळून हसत बसली. पोट दुखेपर्यंत हसली.

मग धांदल! बारा फोटो मोठे छापले. पण ज्याचा फोटो त्याची सही हवी, असा प्रदर्शनाचा नियम होता. स्टुडिओला कुलूप लागलं, स्कूटरवर पुढे तो गळ्यात कॅमेरा अडकवून, मागे ती मांडीवर फोटो घेऊन. ड्रायव्हरने थांब्यावर बस उभी करून सही केली. उतारू ओरडले तेव्हा त्याने त्यांनाच फोटो दाखवला आणि अख्खी बस टाळ्या पिटायला लागली. वकिलाने कागद तीनदा वाचला, दोन चुका काढल्या आणि सही करताना लाजला. नर्सबाई म्हणाल्या, "लावा, पण माझ्या डॉक्टरांना आधी दाखवा!" साडेपाचला अकरा सह्या झाल्या. फोटोग्राफरला आकाश ठेंगणं झालं होतं. तो सिग्नलला मोठमोठ्याने गात होता आणि बायको त्याला चिमटे काढत होती.

बारावा फोटो गणिताच्या बाईंचा. निवृत्तीवेतनाच्या कागदासाठी त्या आल्या होत्या. शाळेच्या तीन पिढ्यांनी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि त्या पिढ्यांत फोटोग्राफरही होता. बारांत हाच फोटो अव्वल होता. त्यात बाई नुसत्या हसत नव्हत्या, खिदळत होत्या.

दार उघडताच तो शाळकरी पोरासारखा बायकोच्या मागे सरकला. बायकोनेच फोटो पुढे केला.

बाईंनी चष्मा लावला. "हे कोण?"

"तुम्हीच, बाई."

"मी अशी नाही." त्या फोटो घेऊन खिडकीशी गेल्या आणि त्यांनी तो उजेडात धरला. मग खुर्चीचा आधार घेऊन म्हणाल्या, "अरे, ही तर आमची ताई."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. "पन्नास वर्षं झाली. मी तिचा चेहरा विसरत चालले होते रे. आणि ती माझ्याच तोंडावर बसलीय, हे मला कुणी सांगायचं?"

 बायको सरळ रडायला लागली.

"हा चारचौघांत लावू नकोस," बाई म्हणाल्या. "मला दे. आणि जरा थांब. माझा धाकटा भाऊ सहाला येतोय, लगेच गावाला परत निघायचंय त्याला. तो हसला की थेट आई दिसते, असं मी म्हणते, तर त्याला पटत नाही. त्याचा काढशील?"

बायकोने घड्याळ बघितलं. पावणेसहा. कलादालन पंधरा मिनिटांवर. पिशवीत एक जुना बगळा होता. तो बारावा म्हणून खपला असता, अकरांच्या जोरावर निवडही झाली असती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीजवळ खुर्ची सरकवून उजेड बघत होता.

"अहो, सहा वाजतील."

"वाजू देत गं. मला त्यांची आई बघायचीय."

भाऊ आला, कडक इस्त्रीचा, बहिणीच्या वरताण गंभीर. खुर्चीत बसला. फोटोग्राफर म्हणाला, "हनुवटी खाली. हसू नका." मग थांबला. मग म्हणाला, "झालं!" आणि बटण सोडलं नाही.

"आई!" बाई ओरडल्या. भाऊ धावत येऊन कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर वाकला, आणि साठीचा तो माणूस तोंडावर हात ठेवून उभा राहिला.

फोन वाजला. फरशीवाले दादा.

"काय जावईबापू, दिले का फोटो?"

"नाही. सहा वाजून गेले."

"म्हणजे हरलात! उद्या नऊला या."

"हरलो तर येतो म्हणालो होतो, दादा," फोटोग्राफर म्हणाला, आणि त्याला हसूच फुटलं. "इथे हरलंय कोण?"

दादा पलीकडून शब्दाची आठवण करून देत होते. पण बहीणभाऊ आता एकाच खुर्चीत दाटीवाटीने बसून त्याची वाट बघत होते, म्हणून त्याने फोन बायकोच्या हातात दिला.