खर्र्याची पन्नी

कारंजा गावातल्या पानटपरीसमोर माझ्या धाकट्या भावाला, नयनला, गावातल्या माणसांनी लाथाबुक्क्यांनी तुडवलं. आमच्या शेजारचा श्रावण वांग्याच्या वावरात डोकं फुटून मेला होता. त्याच्या मुठीत खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, प्लास्टिकची पन्नी सापडली आणि पन्नीवर नयनचा डीएनए निघाला. एवढं कानावर पडलं आणि गावाला खुनी मिळाला. पुढचं विचारतो कोण?

"अबे, त्या दिवशी सकाळी मी अन् श्रावणनं एकाच पन्नीतून खर्रा खाल्लता!" नयन ओरडत होता. "तुमी नाई खात का?"

टपरीवाल्या केशवनं त्याच्या तोंडावर काठी हाणली. दात मातीत पडले. मी मध्ये पडले तर माझे केस धरून मला नालीत ढकललं. नयन हलायचा थांबला तेव्हाच त्यांचे हात थांबले. त्याचा श्वास चालू होता, जबडा लोंबत होता.

मग दमलेल्या केशवनं खिशातून खर्रा काढला, पन्नीतच घोटला आणि पुढे केला. रोजची सवय. एकेकानं बोटं घालून चिमूट तोंडात टाकली. हात कोणीच धुतले नव्हते. पन्नी नयनच्या रक्तानं लाल झाली.

मी ती केशवच्या हातातून हिसकावली.

"हे पाठवा आता तपासाले!" मी किंचाळले. "याच्यावर बी नयनचाच डीएनए निघन. लिवा मंग, त्यानंच सोताले मारलं म्हणून!"